दोनच दारं असतात तेव्हा : अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी शुश्रूषा केंद्र कसं पारखायचं

फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चालत्या-फिरत्या आहेत का?" नाही म्हटलं की आवाज बदलतो. "मग आमच्याकडे नाही हो जमणार."

आईच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. एकवीस दिवसांनी रुग्णालयातून घरी सोडलं, तेव्हा लांज्याच्या घरात बसून मी असे सात फोन केले. पाच जणांनी ह्या पहिल्याच प्रश्नावर विषय मिटवला. उरली दोन ठिकाणं : एक घरापासून तासाभरावर, दुसरं घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला. पुण्या-मुंबईत वीस पत्ते हाताशी असतात, चार नापसंत केले तरी पाचवा असतो. तालुक्याच्या गावी तसं नसतं.

पहिल्यांदाच ह्या फेऱ्यात सापडलेल्यांसाठी, मी ज्या क्रमाने गेलो (आणि ज्या क्रमाने जायला हवं होतं) तो इथे लिहितो. दोनच ठिकाणं असली की "चांगलं कुठलं?" हा प्रश्न फारसा कामाचा उरत नाही, कारण दोन्हीकडे काही ना काही कमी असणारच. विचारायचं ते वेगळंच : इथली उणीव आपण भरून काढू शकतो, की ती आपल्या माणसाच्या जिवावर बेतेल?

आधी नावांचा गोंधळ

नर्सिंग होम म्हटलं की आपल्याकडे डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं छोटं रुग्णालय डोळ्यांसमोर येतं, बहुतेकदा बाळंतपणाचं. आपल्याला हवं असतं ते वेगळं : जिथे म्हातारं माणूस महिनोन्‌महिने राहील आणि कुणीतरी त्याचं सगळं करेल. त्याला कुणी शुश्रूषा केंद्र म्हणतं, कुणी रुग्णसेवा केंद्र, कुणी वृद्धसेवा सदन. पाटीवर "वृद्धाश्रम" असेल तर तिथे बहुधा स्वतःचं स्वतः करणारी माणसंच घेतात. काही वृद्धाश्रमांत मागच्या बाजूला अंथरुणावरच्यांसाठी एक खोली असते. ती फोनवर आपणहून कुणी सांगत नाही, म्हणून विचारा : "तुमच्याकडे राहायला आलेलं माणूस पुढे अंथरुणाला खिळलं तर तुम्ही काय करता?" ह्या उत्तरातून त्या खोलीचा पत्ता लागतो.

माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याने पहिल्याच फोनवर विचारलं, "रेटिंग किती आहे?" तिकडे २००८ पासून सरकारच नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. आपल्याकडे तसं काही नाही. गुगलवर तारे दिसतात, पण त्यांतले बरेचसे मुलाच्या वाढदिवसाला अन्नदान करायला आलेल्या पाहुण्यांनी दिलेले असतात. त्यांनी हॉल पाहिलेला असतो, रात्र पाहिलेली नसते.

कायद्याचंही थोडं समजून घ्या. राज्यात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते, ती जागा त्यात येते. म्हणजे नळ्या, इंजेक्शनं, सलाईन करणाऱ्या केंद्राला "ही नोंदणी आहे का?" हे विचारण्यात गैर काही नाही. साधा वृद्धाश्रम मात्र बहुतेकदा विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. तिथे संस्थेचा हिशोब पाहिला जातो, आजीची पाठ कुणी पाहत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात अशा निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा आणणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये संसदेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे तपासनीस आपणच.

पहिली पायरी : गरज कागदावर उतरवा

ठिकाणं बघायच्या आधी एक कागद घ्या. सहा गोष्टी लिहा : आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवरचा ताबा, जेवण. प्रत्येकीपुढे "स्वतः", "थोडा हात दिला तर" किंवा "पूर्ण दुसऱ्याने" असं लिहा. डॉक्टर लोकही म्हाताऱ्या माणसाचं परावलंबित्व साधारण ह्याच सहा गोष्टींवरून मोजतात, त्यामुळे हा कागद केंद्रातल्या सिस्टरला लगेच कळतो.

त्याखाली रात्रीचं लिहा. किती वेळा जाग येते, ओरडतात का, उठून जायला बघतात का. मग नळ्या : नाकातून अन्नाची नळी, लघवीची नळी, गळ्याला छिद्र. मग जखमा. पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या हाडांवर आज काय आहे त्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. महिन्याभराने जखम दिसली तर "ती घरूनच आली होती" आणि "इथेच झाली" ह्या वादात दुसरा पुरावा नसतो.

खरं तेच लिहा. आई रात्री दोन वाजता वडिलांना हाका मारायची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. हे सांगितलं तर घेणार नाहीत ह्या भीतीने मी ते पहिल्या ठिकाणी लपवलं. चौथ्या दिवशी फोन आला, "घेऊन जा." भरलेले पैसे परत मिळवताना नाकीनऊ आले ते वेगळंच. मला त्यांचा राग आला होता, आता येत नाही. त्या खोलीत आणखी पाच बायका झोपलेल्या होत्या.

दुसरी पायरी : फोनवर काय विचारायचं

"स्टाफ किती आहे?" हा निरुपयोगी प्रश्न आहे. उत्तर येतं, "भरपूर आहे, चोवीस तास असतो." त्याऐवजी विचारा, "काल रात्री ड्युटीवर कोण कोण होतं? आणि काल रात्री खाटा किती भरलेल्या होत्या?" कालची गोष्ट सांगताना माणसाला थांबून आठवावं लागतं, म्हणून तिथे सहसा खरं उत्तर येतं. वीस अंथरुणावरची माणसं आणि रात्री एकच मावशी, तीही दिवसभर काम करून तिथेच झोपणारी, असं असेल तर रात्री कूस बदलली जाणार नाही हे गृहीत धरा. तिचा दोष नाही, तिला दोनच हात आहेत.

आणखी तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या. डॉक्टर कधी येतात आणि मध्यरात्री दम लागला तर काय करता? "१०८ ला फोन करतो आणि अमुक रुग्णालयात नेतो, सोबत आमचा माणूस जातो" हे उत्तर. "तुम्हाला फोन करतो" हे उत्तर नव्हे, तुम्ही दोन तासांवर आहात. दुसरं, भेटायला कधी येता येतं? तिसरं, सध्या नाकातून नळी असलेली किंवा पूर्ण अंथरुणावरची किती माणसं आहेत? एकही नसेल तर तुमची आई त्यांचा पहिला प्रयोग ठरेल.

तिसरी पायरी : कागद बघा, पण कागदावर भाळू नका

नोंदणीचं प्रमाणपत्र, त्याची मुदत, सिस्टर जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम) झालेली आहे का आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंद आहे का, जोडलेल्या डॉक्टरांचं नाव, आग विझवायची साधनं. एवढं विचारा. शहरातला सल्लागार म्हणेल की ह्यांतला एक कागद नसेल तर उठून या. आमच्याकडे तसं उठून आलो असतो तर घरीच बसावं लागलं असतं. मी दुसरं काही पाहिलं : विचारल्यावर माणूस कसा वागतो. "हे आहे, हे नाही, ह्याचा अर्ज केलाय" असं सरळ सांगणाऱ्याकडे मी पुढचं बोललो. "आजवर कुणी असं विचारलं नाही" म्हणून जो चिडला, त्याच्याकडे नाही.

चौथी पायरी : जाऊन बघा, आणि शेवटच्या खाटेपर्यंत जा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. दोनदा जा. एकदा कळवून, एकदा न कळवता. कळवून गेलात की हॉल दाखवतात, तुळशीवृंदावन दाखवतात, गणपतीतले फोटो दाखवतात. ते पाहून घ्या, चहा घ्या, आणि मग सगळ्यात अंथरुणाला खिळलेलं जे माणूस असेल त्याच्या खाटेपाशी जायची परवानगी मागा. ते सहसा आतल्या खोलीत, दारापासून सर्वांत लांब असतं. तुमच्या माणसाचं तिथे काय होणार ते त्या खाटेवर दिसतं.

तिथे नाकाला आधी कळतं. लघवीचा वास एखाद्या कोपऱ्यात, एखाद्या वेळी येणारच, माणसं आहेत. पण सगळीकडे मुरलेला जुना वास वेगळा. डोळ्यांत पाणी येईल इतकं फिनेल मारलेलं असेल तर थोडं थांबा, अर्ध्या तासाने खालचा वास वर येतो.

मग पाय बघा. टाचा गादीला टेकलेल्या आहेत की पोटरीखाली उशी देऊन उचललेल्या? अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर हाडावरच्या कातडीला रक्त पोचत नाही आणि ती सडायला लागते. जखमेची सुरुवात लालसर डागाने होते, बोटाने दाबलं तरी तो फिका पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं : तिथे गरम लागतं, किंवा कडक. परक्या माणसाच्या अंगाला तुम्ही हात लावू नका, पण मावशीला विचारा, "ह्यांची पाठ शेवटची कधी पाहिली?" "आज सकाळी, पुसताना" असं ती चटकन म्हणाली तर बरं वाटतं.

खाटेपाशी कूस बदलल्याचा तक्ता टांगलेला असेल तर घड्याळाकडे बघून वाचा. घाटावरच्या केंद्रात मी दुपारी अडीचला उभा होतो आणि तक्त्यात चारची आणि सहाची सही आधीच होती. इमारत नवी, फरशी चकचकीत, एअर बेड (विजेच्या पंपाने हवा भरली जाणारी गादी) सगळ्यांना. पण एक एअर बेड बंद होता. त्याची प्लग काढून तिथे कुणीतरी मोबाइल लावला होता. हवा न भरलेला एअर बेड साध्या गादीहूनही वाईट, कारण माणूस थेट फळीवर टेकतो आणि बघणाऱ्याला वाटतं की सोय आहे.

पाण्याचा पेला कुठे आहे? उजवी बाजू लुळी असलेल्याच्या उजवीकडे ठेवला असेल, तर तो त्याच्यासाठी नाहीच. बेल किंवा घंटी हाताला लागते का? नखं कापलेली आहेत का, दाढी, केस, तोंडाचा वास? अंगावर स्वतःचे कपडे आहेत की सगळ्यांना सारखे गाऊन?

सकाळी अकरा वाजता सगळेच्या सगळे गाढ झोपलेले असतील तर ती शांतता चांगली नव्हे. झोपेची गोळी कोणाला, कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालू आहे, ते विचारा. कुणाचा हात खाटेला बांधलेला दिसला तर सरळ विचारा, का आणि किती वेळ. "नळी ओढते म्हणून" हे कारण खरं असू शकतं. पण डॉक्टरांनी सांगितलंय का, दर किती वेळाने सोडता, हे सांगता आलं पाहिजे.

जेवणाची वेळ साधून जा. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे. अर्धांगवायूच्या पुष्कळ माणसांना गिळताना त्रास होतो. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो आणि काही दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. मग नातेवाईक म्हणतात, अचानक झालं. मावशी डोकं वर करून, उशा लावून, बसतं करून भरवते का? एक घास गिळल्याची खात्री करून दुसरा देते का? पातळ पाण्याने ठसका लागणाऱ्याला काय देते? नाकातल्या नळीने देतानाही डोक्याची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी आणि नंतर निदान अर्धा तास तशीच ठेवायला हवी. आमच्या जवळच्या केंद्रात एक मावशी एका आजोबांना पेज भरवत होती. पंचवीस मिनिटं लागली, मधेच त्यांचं तोंड पुसलं, मधेच त्यांना शिव्याही घातल्या. शिव्या मी सोडून दिल्या. पंचवीस मिनिटं लक्षात ठेवली.

लघवीची पिशवी खाटेच्या कडेला, कमरेच्या खाली लटकलेली असावी. जमिनीवर लोळत असेल किंवा पोटावर ठेवलेली असेल तर जंतुसंसर्ग ठरलेला.

कोकणात असाल तर जमल्यास पावसाळ्यात बघून या. मे महिन्यात सगळीच केंद्रं स्वच्छ असतात. जुलैत चादरी कुठे वाळतात? ओलसर चादर आणि डायपर ह्यांच्यामध्ये सापडलेली पाठ दोन दिवसांत सोलवटते. वीज जाते तेव्हा एअर बेड आणि ऑक्सिजनचं यंत्र कशावर चालतं? इन्व्हर्टर आहे म्हणाले तर तो कशाकशाला जोडलाय ते विचारा. अनेकदा तो ऑफिसच्या पंख्याला जोडलेला असतो.

आणि मावशीशी बोला, मॅनेजर नसताना. "किती वर्षं झाली इथे?" एवढंच. सगळ्या मावश्या दोन-तीन महिन्यांच्याच असतील तर पगार वेळेवर होत नाही असं समजायला हरकत नाही. चार वर्षांची जुनी मावशी एक जरी असेल, तरी तिचं नाव लिहून घ्या. फाटकाशी भेटायला आलेला एखादा मुलगा किंवा सून दिसली तर थांबवा. त्या दहा मिनिटांत जे कळतं ते माहितीपत्रकात नसतं.

पाचवी पायरी : दोन्हीकडे कमी आहे, मग?

घरी येऊन तोच कागद काढा आणि दोन रकाने करा. एकात आपण बाहेरून पुरवू शकतो ते. फिजिओथेरपिस्ट नाही? गावातला आठवड्यातून तीनदा पाठवता येतो. जेवणात मीठ जास्त? डबा, किंवा बोलणी. करमणूक नाही? रेडिओ. एअर बेड नाही? विकत घेऊन देता येतो. इमारत जुनी, फरशी फुटलेली? असू दे, आई फरशीवर चालणार नाहीये.

दुसऱ्या रकान्यात तुम्ही पुरवू शकत नाही ते. माझ्या मते अशा चारच गोष्टी आहेत : रात्री जागं असलेलं माणूस, कातडीची रोजची काळजी, अडीनडीला रुग्णालयात नेण्याची ठरलेली व्यवस्था, आणि कधीही येऊन भेटायची मुभा. ह्यांतली एक जरी नसेल आणि बोलूनही होणार नसेल, तर ते ठिकाण सोडा, एकमेव असलं तरी. भेटीच्या मुभेबद्दल कुणी म्हणेल की जेवणाच्या वेळी नको, झोपेच्या वेळी नको. ते समजू शकतं. "फक्त रविवारी चार ते पाच, हॉलमध्येच" हे समजू शकत नाही.

अंतरही दर्जातच धरा. मी जवळचं, जुन्या इमारतीतलं केंद्र निवडलं ते निम्मं त्या पंचवीस मिनिटांसाठी आणि निम्मं अंतरासाठी. घाटावरचं चकचकीत केंद्र कागदोपत्री पुढे होतं. पण दरड कोसळून घाट बंद झाला की आठ-आठ दिवस कुणी जाऊ शकत नाही, आणि जिच्याकडे कुणी येत नाही तिच्या खाटेपाशी मावशी शेवटी पोचते. हे कटू वाटेल, पण कुठल्याही केंद्रात असंच आहे. आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी येणारा नातेवाईक साधारण केंद्राचा दर्जा वर आणतो. महिन्यातून एकदा फळांची करंडी घेऊन येणारा आणत नाही.

पैसे आणि करार

"महिना अठरा हजार" असं सांगतात तेव्हा त्यात काय नाही ते विचारा. नमुन्यादाखल हिशोब करू. दिवसाला चार डायपर, एक पस्तीस रुपयांना, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये. रोज एक अंडरपॅड (ओल शोषायला अंगाखाली अंथरतात ते) पंचवीस रुपयांना, ७५० रुपये. फिजिओच्या बारा भेटी तीनशेने, ३,६०० रुपये. औषधं २,५०० रुपये. अठराचे झाले २९,०५०, आणि ह्यात रुग्णवाहिका, डॉक्टरांची फी काहीच नाही. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशोब मांडा आणि तो दोन वर्षं पेलवेल का ते बघा. डायपर आपणच आणून द्यायचे असतील तर किती उरले ते मोजत जा. चोरी पकडायला नव्हे. दिवसाला चारच्या जागी दोनच वापरले जात असतील तर आई ओली राहतेय.

आरोग्य विमा इथे कामी येत नाही, तो रुग्णालयात भरती झाल्यावरचा. सत्तरीपुढच्यांसाठी २०२४ पासून मिळणारं पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवाच, पण तेही भरतीच्या उपचारांसाठी आहे, केंद्राच्या महिन्याच्या पैशांसाठी नाही.

लेखी घ्यायच्या गोष्टी : अनामत किती, परत कधी. मधे रुग्णालयात हलवलं तर त्या दिवसांचे पैसे कापणार का. खाट राखून ठेवणार का. सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचं. दर वर्षी वाढ किती. आणि एक प्रश्न, जो विचारताना जीभ अडखळते : तिथे मृत्यू आला तर काय? दाखला कोणते डॉक्टर देतात, रात्री कळवतात की सकाळी, तुम्ही पोचेपर्यंत ठेवायची काय सोय. विचाराच. ते रोज ह्यातून जातात, त्यांना वाईट वाटत नाही.

करारात ते तुमच्याकडूनही स्थानिक जबाबदार माणसाचं नाव मागतील. त्यावर रुसू नका. माणूस सोडून जाऊन सिमकार्ड बदलणारी मुलं त्यांनी पाहिलेली असतात. २००७ च्या कायद्यात अशा सोडून देण्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण केंद्रवाला कोर्टात कशाला जाईल, तो आगाऊ पैसे मागतो.

दागिने घरी ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर काळ्या मण्यांची पोत. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाइलवरून चेहरा दाखवून काढता येतो, ते केंद्रात कोण करून देईल हे आत्ताच विचारून ठेवा.

पहिला महिना

पहिला महिना चाचणीचा धरा, तसं बोलून घ्या. दाखल करताना वजन करून घ्या. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहा आणि दर महिन्याला तिथेच मोजा. कमी होत गेला तर भरवणं नीट होत नाहीये. खाटेशी एक वही ठेवा : जेवण, संडास, ताप, कोण आलं. मावश्यांना लिहायला आवडत नाही, म्हणून मी सिस्टरशी ठरवलं की रोज एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, रविवारी टाचांचा आणि पाठीचा. तीन आठवडे आला, मग बंद झाला. ओरडलो नाही. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला जाऊन बसलो. बुधवारपासून परत सुरू.

तक्रार करताना आधी त्या पाळीच्या सिस्टरला, मग मॅनेजरला, मग लेखी. मावशीला सगळ्यांसमोर बोलू नका. तुम्ही गेल्यावर रात्रभर तिच्या हातात तुमची आई आहे. तिला नावाने हाक मारा, तिच्या मुलांची चौकशी करा, दिवाळीला साडी द्या. ही लाच आहे का, ह्यावर माझी आणि भावाची चर्चा अजून संपलेली नाही.

मारहाण, उपाशी ठेवणं, जखम लपवणं असं काही दिसलं तर ही समजूतदारी बाजूला ठेवा. आपलं माणूस आधी बाहेर काढा, फोटो घ्या, सरकारी डॉक्टरांकडून तपासून नोंद करून घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, तातडीचं असेल तर ११२. केंद्र शुश्रूषागृह म्हणून नोंदलेलं असेल तर जिल्ह्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, संस्था असेल तर धर्मादाय कार्यालय आणि समाजकल्याणकडे लेखी अर्ज.

दोन्ही नापास झाली तर

तेव्हा घरीच, दोन मावश्या लावून. दिवसाची एक, रात्रीची एक. मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोमधून घ्या किंवा गावातली तयार करा. रुग्णालयातून सोडायच्या आधी दोन दिवस तिला वॉर्डात सिस्टरबरोबर उभी करा, कूस बदलणं आणि नळीने भरवणं तिथेच शिकवून घ्या. लोखंडी खाट, एअर बेड, व्हीलचेअर भाड्याने मिळतं, रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था तालुक्यालाही असतात. खर्च केंद्राइतकाच येतो, कधी जास्त. मावशी शिमग्याला गावी गेली की चार दिवस तुमचे. केंद्रात खाट मिळेपर्यंतचा पूल म्हणूनही हे चालतं.

नेण्याच्या दिवशी पिशवीत

रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी, दोन प्रती. आधार कार्डाची प्रत, मूळ नव्हे. पुढून बटणं असलेले सहा गाऊन, धुवून मऊ झालेले. नारळाचं तेल. चार छोट्या उशा, टाचांसाठी आणि गुडघ्यांमध्ये घालायला. न घसरणाऱ्या सपाता, उठून बसायला लागली तर. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी. ह्या तिन्हींच्या डब्यांवर आणि काड्यांवर पुसली न जाणारी शाई वापरून नाव लिहा. केंद्रात सगळ्यात आधी हरवते ती कवळी, आणि कवळी हरवली की जेवण पेजेवर येतं. आईची दुसऱ्या आठवड्यात हरवली. शेजारच्या आजींच्या तोंडात सापडली, बसलीही होती बऱ्यापैकी.